बूट शिवणाऱ्या विल्यम कॅरेने बंगालमध्ये बसून मराठीचा शब्दकोश छापला, पण त्याची किंमत डोरोथीने मोजली

साल १८१०. पुण्यात दुसरा बाजीराव गादीवर होता. कारकून मंडळी बोरू घेऊन मोडीत जमाखर्च लिहीत होती. छापील मराठी पुस्तक ही गोष्ट बहुतेकांनी डोळ्यांनी पाहिलीही नव्हती. नेमक्या त्याच वर्षी पुण्यापासून दीड हजार किलोमीटरहून लांब, हुगळी नदीच्या काठावरच्या एका छापखान्यातून मराठीचा शब्दकोश बाहेर पडला. तोही चक्क मोडी लिपीत.

हा शब्दकोश करणारा माणूस ना मराठी होता, ना त्याने कधी महाराष्ट्रात पाऊल ठेवलं होतं. तो इंग्लंडमधल्या एका खेड्यात बूट शिवायचा. नाव विल्यम कॅरे.

कॅरेचं नाव स्पर्धा परीक्षेच्या पुस्तकात एका ओळीत येतं. श्रीरामपूर मिशन, छापखाना, बायबलची भाषांतरं, विषय संपला. पण परक्या देशात येऊन राहिलेल्या या मिशनऱ्यांचं रोजचं जगणं कसं होतं? ते खायचे काय, कमवायचे काय, त्यांच्या बायकामुलांचं काय झालं? ही गोष्ट त्या एका ओळीत मावत नाही. आणि ती बघितली की कॅरेसोबत आणखी बरीच माणसं दिसायला लागतात.

भिंतीवर नकाशा आणि हातात चामडं

१७ ऑगस्ट १७६१ ला इंग्लंडच्या नॉर्दम्प्टनशर परगण्यात पॉलर्सपरी नावाच्या गावात कॅरेचा जन्म झाला. वडील विणकर, पुढे गावच्या शाळेत मास्तर. पोराला त्वचेचा त्रास होता, उन्हात काम केलं की अंग सोसायचं नाही. त्यामुळे शेतमजुरी जमणार नव्हती. मग त्याला बूट शिवणाऱ्या एका कारागिराकडे शिकाऊ म्हणून ठेवण्यात आलं.

पण पोरगं भलतंच वाचणारं निघालं. मालकाच्या दुकानात ग्रीक अक्षरं असलेलं एक पुस्तक सापडलं, तर ती अक्षरं काय आहेत हे समजून घेण्यासाठी तो माणसं शोधत फिरला. असं करत करत लॅटिन, ग्रीक, हिब्रू, डच, फ्रेंच अशा भाषा त्याने गोळा केल्या. कॉलेज नाही, पदवी नाही. सगळं काम सांभाळून.

१७८१ मध्ये त्याचं लग्न डोरोथी प्लॅकेटशी झालं. तेव्हा तो अजून वीस वर्षांचाही नव्हता. डोरोथी त्याच्यापेक्षा पाचेक वर्षांनी मोठी. तिला लिहितावाचता येत नव्हतं, त्यामुळे चर्चच्या नोंदवहीत सहीच्या जागी तिने फुली मारली. पहिली मुलगी ॲन तापाने गेली. त्याच आजारपणात कॅरेचे केस गळाले आणि ऐन तारुण्यात त्याला टोप घालायची वेळ आली. पुढे लूसी नावाची आणखी एक मुलगी गेली.

कॅरे बाप्टिस्ट पंथाचा धर्मोपदेशक झाला, पण त्या कामात पोट भरत नव्हतं. म्हणून शाळाही चालवायचा आणि बूटही शिवायचा. कॅप्टन कुकच्या समुद्रसफरींची वर्णनं वाचून त्याला जगाचं वेड लागलं. हाताने काढलेला जगाचा मोठा नकाशा त्याने भिंतीवर लावला. कोणत्या देशात किती माणसं, त्यांचा धर्म कोणता, हे तो त्यावर लिहून ठेवायचा.

त्यातूनच त्याच्या डोक्यात बसलं की परदेशात जाऊन धर्मप्रचार करणं हे आपल्या पंथाचं कर्तव्य आहे. आजूबाजूच्या ज्येष्ठांना हे पटत नव्हतं. देवाला वाटेल तेव्हा तो करेल, आपण कशाला धावायचं, असा त्यांचा सूर होता. कॅरेने १७९२ मध्ये यावर एक पुस्तिकाच काढली. त्याच वर्षी २ ऑक्टोबरला केटरिंग गावातल्या एका विधवा बाईंच्या घरी मोजकी माणसं जमली आणि बाप्टिस्ट मिशनरी सोसायटी उभी राहिली. जमलेल्यांनी किती वर्गणी कबूल केली? १३ पौंड, २ शिलिंग आणि ६ पेन्स. एवढ्या भांडवलावर परदेशात माणूस पाठवायचा होता.

डोरोथी नाही म्हणाली होती

जायचं कुठे हे ठरलं ते जॉन थॉमस नावाच्या माणसामुळे. थॉमस जहाजावरचा डॉक्टर होता, बंगालमध्ये राहून आलेला, बंगाली बोलणारा. माणूस हुशार आणि जीव लावणारा, पण पैशाच्या बाबतीत आनंदीआनंद. देणेकरी कायम मागावर असायचे.

कॅरेने घरी सांगितलं की आपण बंगालला जातोय. डोरोथीने सरळ नकार दिला.

तिच्या बाजूने बघा. दोन लेकी पुरलेल्या, तीन मुलं पदराला, चौथ्याच्या वेळी पोट वाढलेलं. सगळं आयुष्य नॉर्दम्प्टनशर आणि लेस्टरच्या पट्ट्यात गेलेलं. त्यात फ्रान्सने नुकतंच ब्रिटनशी युद्ध पुकारलेलं, म्हणजे समुद्रात जहाज सुखरूप राहील याचीही खात्री नाही. अशात कायमचं परदेशी जायचं. बरं, हे स्वप्न नवऱ्याचं होतं, तिचं नव्हतंच.

कॅरेने थोरला मुलगा फेलिक्सला सोबत घेतलं आणि बायकोला मागे ठेवून निघायचं ठरवलं. पण जहाजावर चढल्यावर गोची झाली. तेव्हा ईस्ट इंडिया कंपनीच्या परवान्याशिवाय बंगालमध्ये जाता येत नसे आणि कंपनीला मिशनरी नको होते. धर्माच्या भानगडीत लोक बिथरले तर धंदा बसेल, हे कंपनीचं साधं गणित होतं. परवाना नाही, वर थॉमसचे देणेकरी. दोघांना उतरवण्यात आलं.

तोवर डोरोथी बाळंत झाली होती. दुसरं जहाज मिळेपर्यंत कॅरे आणि थॉमस परत तिच्या दारात आले. थॉमसने तिच्यावर बराच दबाव आणला. आता आली नाहीस तर कुटुंब कायमचं फुटेल आणि जन्मभर पस्तावशील, असं तिच्या मनावर बिंबवलं. शेवटी बहीण कॅथरीन सोबत येणार असेल तर येते, असं ती म्हणाली. एका दिवसात घरातलं सामान विकलं, गाठोडी बांधली आणि जून १७९३ मध्ये हे सगळे एका डॅनिश जहाजातून निघाले. मांडीवरचं बाळ जेमतेम महिन्याभराचं होतं.

पाच महिन्यांनी, नोव्हेंबर १७९३ मध्ये, ते कलकत्त्याला पोहोचले.

नीळ, ताप आणि पाच वर्षांचा पीटर

आल्या आल्या पैसे संपले. सोबत आणलेला माल विकून घर चालवायचं ठरलं होतं आणि तो व्यवहार थॉमसकडे होता. पुढचं सांगायला नको. परक्या शहरात एका जागेहून दुसऱ्या जागी हलत हे कुटुंब शेवटी सुंदरबनच्या जंगलाकडे गेलं. तिथे कंपनीच्या एका इंग्रज नोकराने त्यांना आसरा दिला. या सगळ्यात डोरोथी आणि मुलं हगवणीने बेजार होती. पुढे कॅथरीनने त्याच इंग्रजाशी लग्न केलं. म्हणजे जिच्या भरवशावर डोरोथी निघाली होती, ती बहीणही आता वेगळ्या घरची झाली.

१७९४ च्या जूनमध्ये कॅरेला मालद्याजवळ मदनावती इथे निळीच्या कारखान्यावर देखरेखीचं काम मिळालं. पगार महिन्याला दोनशे रुपये. पोटाची चिंता मिटली. निळीचा हंगाम तीनेक महिन्यांचा, बाकी वेळ मोकळा. त्यात कॅरे रामराम बसू या मुन्शीकडून बंगाली शिकायचा, संस्कृतचा अभ्यास करायचा, आसपासच्या गावांत फिरून उपदेश करायचा.

पण तिथली हवा वाईट होती. कॅरे स्वतः तापाने मरता मरता वाचला. ऑक्टोबर १७९४ मध्ये पाच वर्षांचा पीटर हगवणीने गेला. त्याला पुरण्यासाठीही माणूस मिळेना. परक्या जातीधर्माच्या प्रेताला हात लावला तर आपली जात जाईल, अशी भीती आसपासच्या लोकांना होती. पोराची पेटी करायला आणि मातीला खांदा द्यायला कुणी तयार व्हावं, म्हणून आजारी बापाला वणवण करावी लागली.

यानंतर डोरोथी सावरली नाही. १७९५ पासून तिच्या मनाने एकच गोष्ट घेतली की नवरा आपल्याशी बेइमान आहे. ती त्याच्या मागे रस्त्यावर जायची, लोकांसमोर आरोप करायची. काही वेळा तर त्याच्या जिवावर उठली. तिला खोलीत बंद करून ठेवायची वेळ आली. कॅरेचं बंगाली बायबलचं काम त्याच घरात, शेजारच्या खोलीत बसून चाललेलं असायचं.

तेव्हा मानसिक आजारावर उपचार म्हणावेत असं फारसं काही नव्हतंच. वेड्यांच्या इस्पितळात ठेवा, असा सल्ला कॅरेला मिळाला. त्याने तो मानला नाही, तिला घरातच ठेवलं. पण तिला या सगळ्यात आणलं कुणी, हा प्रश्न त्याने संपत नाही.

या काळात धर्मप्रचाराचा हिशोब काय? सात वर्षांत एकाही भारतीयाने बाप्तिस्मा घेतला नाही.

हे श्रीरामपूर वेगळं

१७९९ च्या ऑक्टोबरमध्ये इंग्लंडहून नवीन मिशनरी आले. त्यात दोन नावं महत्त्वाची. विल्यम वॉर्ड हा पेशाने मुद्रक आणि जोशुआ मार्शमन हा शाळामास्तर. सोबत जोशुआची बायको हॅना. कंपनीने त्यांना आपल्या हद्दीत काम करू देण्यास नकार दिला. मग हे लोक कलकत्त्याजवळ, हुगळीच्या पलीकडच्या काठावर असलेल्या श्रीरामपूरला उतरले.

श्रीरामपूर म्हटलं की आपल्याला नगर जिल्ह्यातलं साखर कारखानदारीचं गाव आठवतं. हे ते नव्हे. हे बंगालमधलं श्रीरामपूर, इंग्रज त्याला सेरामपूर म्हणायचे. तेव्हा हे गाव डेन्मार्कच्या ताब्यात होतं, त्यामुळे तिथे कंपनीचा हुकूम चालत नसे. डॅनिश गव्हर्नर ओले बी याने मिशनऱ्यांना ठेवून घेतलं. जानेवारी १८०० मध्ये कॅरेही कुटुंबाला आणि एका लाकडी छापयंत्राला घेऊन तिथे आला.

इथून पुढे या लोकांचं जगणं एखाद्या एकत्र कुटुंबासारखं झालं. एक मोठं घर, एक स्वयंपाकघर, एकच तिजोरी. ज्याने त्याने कमावलेला पैसा सामायिक खात्यात टाकायचा आणि त्यातून प्रत्येक कुटुंबाला गरजेपुरता खर्च मिळायचा. खासगी धंदा करायचा नाही. शनिवारी संध्याकाळी सगळ्यांनी बसायचं आणि आठवड्यात कुणाचं कुणाशी वाजलं असेल तर ते तिथेच मिटवायचं. चार भिंतींत एवढी माणसं राहणार म्हटल्यावर भांडणं होणारच, हे त्यांनी आधीच गृहीत धरलं होतं.

मिशनला सोसायटीकडून येणारा पैसा पुरेसा नव्हता. खरी कमाई दोन जागांहून सुरू झाली. एक छापखाना आणि दुसरी मार्शमन नवरा-बायकोने काढलेली निवासी शाळा. हॅना शाळेत शिकवायची, शाळेच्या मुलांचं आणि घराचं बघायची. कॅरेची मुलंही तिच्याच नजरेखाली आली, कारण आई आजारी आणि बाप कामात बुडालेला. पोरं मोकाट सुटली होती. हॅनाने आणि वॉर्डने त्यांना वळण लावलं.

नदीच्या काठावर एक बाप्तिस्मा, घरात दोन बंद खोल्या

नोव्हेंबर १८०० मध्ये कृष्ण पाल नावाच्या सुताराचा खांदा निखळला. थॉमसने तो बसवला. या ओळखीतून कृष्ण पाल मिशनऱ्यांच्या जवळ आला आणि त्यांच्या पंक्तीला बसून जेवला. त्याने जात मोडली म्हणून लोक खवळले. जमावाने त्याला धरून न्यायाधीशासमोर नेलं. डॅनिश प्रशासनाने त्याला संरक्षण दिलं.

२८ डिसेंबर १८०० ला हुगळीच्या पात्रात त्याचा बाप्तिस्मा झाला. सोबत कॅरेचा मुलगा फेलिक्सही होता. सात वर्षं ज्याची वाट पाहिली तो दिवस. पण त्याच दिवशी मिशनच्या आवारात थॉमसला कोंडून ठेवावं लागलं होतं. इतक्या वर्षांनी यश आल्याच्या आनंदाने त्याचं मानसिक संतुलन सुटलं होतं. दुसऱ्या खोलीत डोरोथी होती. बाहेर भजनं चालली होती आणि आतून दोघांचा आरडाओरडा येत होता.

आणि मराठी आली

मार्च १८०१ मध्ये बंगाली नवा करार छापून झाला. त्याच सुमारास गव्हर्नर जनरल वेलस्लीने कलकत्त्यात फोर्ट विल्यम कॉलेज काढलं होतं. इंग्लंडहून येणाऱ्या कोवळ्या अधिकाऱ्यांना इथल्या भाषा शिकवायच्या होत्या. बंगाली शिकवायला कॅरेइतका तयार युरोपियन माणूस नव्हता. त्याला महिना पाचशे रुपयांवर बोलावणं आलं. ज्या कंपनीने मिशनऱ्यांना दारात उभं केलं नव्हतं, तीच आता एका मिशनऱ्याला पगार देत होती.

पुढे त्याच्याकडे संस्कृत आणि मराठीही आली. मराठी का, हे समजायला १८०३ सालाकडे बघावं लागतं. त्या वर्षी कंपनीचं शिंदे आणि नागपूरकर भोसल्यांशी युद्ध झालं. असईची लढाई त्यातलीच. भोसल्यांच्या ताब्यातला कटकचा मुलूख कंपनीकडे गेला. आता मराठी दरबारांशी पत्रव्यवहार करायचा, मराठी कागद वाचायचे, म्हणजे भाषा येणारे साहेब हवेत. आपल्या भाषेचा अभ्यास तिथे सुरू झाला तो राज्य चालवण्याच्या गरजेतून.

कॅरेच्या मदतीला आले वैजनाथ पंडित. मराठी जाणणारा हा विद्वान नसता तर कॅरेची मराठी उभीच राहिली नसती. १८०५ मध्ये इंग्रजीत लिहिलेलं मराठी व्याकरण निघालं. त्यात शिकणाऱ्या साहेबांसाठी रोजच्या वापरातले संवादही होते. त्याच वर्षी मॅथ्यूच्या शुभवर्तमानाचं मराठी भाषांतर देवनागरीत छापलं गेलं. १८१० मध्ये मोडी खिळ्यांत शब्दकोश आला. १८११ मध्ये मराठी नवा करार.

पुढे सिंहासन बत्तिशी, हितोपदेश आणि १८१६ मध्ये राजा प्रतापादित्याचं चरित्र अशी गद्य पुस्तकं मराठीत छापली गेली. यातली गंमत म्हणजे हे प्रतापादित्य चरित्र मूळचं बंगाली, आणि ते लिहिलं होतं कॅरेला बंगाली शिकवणाऱ्या रामराम बसूंनी.

खिळे कोण पाडत होतं? त्याचं श्रेय पंचानन कर्मकार या बंगाली कारागिराला आणि त्याच्यानंतर त्याचा जावई मनोहर याला जातं. अक्षराचा पोलादी ठसा कोरायचा, त्यावरून साचा करायचा, त्यात शिसं ओतून खिळे पाडायचे. एकेका लिपीला शेकडो ठसे लागायचे, कारण जोडाक्षरं वेगळी, काना-मात्रा वेगळ्या. श्रीरामपूरच्या छापखान्याने पुढे कितीतरी भाषांत पुस्तकं काढली, ती या हातांच्या जोरावर.

सकाळी पावणेसहाला उठणारा माणूस

१८०६ सालातला कॅरेचा एक दिवस त्याच्या पत्रामुळे आपल्याला माहीत आहे. पावणेसहाला उठायचं. हिब्रू बायबलचा एक अध्याय वाचायचा. सातपर्यंत बागेत प्रार्थना. मग घरातल्या नोकरांसोबत बंगालीत प्रार्थना. चहा येईपर्यंत मुन्शीसोबत फारसी. नाश्त्याआधी हिंदुस्तानीतलं वाचन. नाश्ता झाला की पंडितांसोबत रामायणाचं संस्कृतातून इंग्रजी भाषांतर. दहाला कॉलेज. दुपारी परत आल्यावर बंगाली मुद्रितं तपासायची. जेवणानंतर मृत्युंजय विद्यालंकार या मोठ्या पंडितांच्या मदतीने बायबलचं संस्कृत भाषांतर. संध्याकाळी तेलुगू पंडित. साडेसातला इंग्रजीत प्रवचन. नऊनंतर पुन्हा भाषांतर, अकराला पत्रं, आणि झोपण्याआधी ग्रीक बायबलचा एक अध्याय.

हे वेळापत्रक वाचून छाती दडपते. पण त्यात जे नाही तेही बघायला हवं. त्यात मुलं नाहीत. आणि त्याच काळात बंद खोलीत असलेली डोरोथीही नाही.

८ डिसेंबर १८०७ ला डोरोथी तापाने गेली. बारा वर्षं तिने त्या अवस्थेत काढली होती. पाच महिन्यांनी, मे १८०८ मध्ये, कॅरेने शार्लट रूमोर या डॅनिश बाईशी लग्न केलं. इतकी घाई सहकाऱ्यांनाही खटकली होती. शार्लट शिकलेली, अनेक भाषा जाणणारी, त्याच्या कामात रस घेणारी. हे लग्न सुखाचं झालं. १८२१ मध्ये तीही गेली आणि कॅरेने पुढे तिसरं लग्न केलं.

एका रात्रीत सगळं राख

११ मार्च १८१२ ची संध्याकाळ. छापखान्यात कागदाच्या साठ्याला आग लागली. वॉर्ड आणि बाकीच्यांनी ती आवरायची शिकस्त केली, पण रात्रीत सगळी इमारत बसली. कागद गेला, खिळे वितळले, हस्तलिखितं जळाली. त्यात कॅरे अनेक भाषांचा मिळून एक मोठा कोश करत होता, त्याची हस्तलिखितंही गेली. वर्षानुवर्षांचं काम होतं ते. कॅरे त्या दिवशी कलकत्त्यात होता. दुसऱ्या दिवशी मार्शमनने जाऊन त्याला सांगितलं.

पण छापयंत्रं वाचली होती. ढिगाऱ्यात पोलादी ठसेही शाबूत सापडले. ठसे आहेत म्हटल्यावर खिळे पुन्हा पाडता येतात. वितळलेलं शिसं गोळा करून कारागिरांनी रात्रंदिवस काम केलं आणि थोड्याच काळात छपाई पुन्हा सुरू झाली. आगीच्या बातमीने इंग्लंडमध्ये कॅरेचं नाव घरोघर पोहोचलं आणि नुकसान भरून निघेल इतका पैसा जमा झाला.

१८१३ मध्ये ब्रिटिश संसदेने कंपनीची सनद नवी करताना मिशनऱ्यांसाठी दार किलकिलं केलं. त्याच वर्षी गॉर्डन हॉल आणि त्याचा सोबती हे अमेरिकन मिशनरी मुंबईत आले. पुढे त्यांनी मुंबईत मराठी छापखाना घातला आणि मराठी छपाई खऱ्या अर्थाने मराठी मुलखात आली.

सती, कॉलेज आणि झाडं

१७९९ मध्ये कॅरेने एका बाईला सती जाताना प्रत्यक्ष पाहिलं होतं. त्याने विरोध केला, लोकांनी त्याला हुसकलं. पुढे मिशनने कलकत्त्याच्या आसपासच्या तीस मैलांत माणसं पाठवून मोजणी केली. एका वर्षात ४३८ बायका सती गेल्याचा आकडा आला. सतीबंदीचं मोठं श्रेय राजा राममोहन रॉय आणि लॉर्ड बेंटिंक यांचंच, पण ही मोजणी त्या लढ्यात महत्त्वाची होती. डिसेंबर १८२९ मध्ये बंदीचा कायदा झाला तेव्हा बंगाली भाषांतराचं काम कॅरेकडे आलं. वार रविवार होता, प्रवचनाची वेळ होती. त्याने प्रवचन दुसऱ्यावर सोपवलं आणि पंडिताला घेऊन बसला. उशीर झाला तर तेवढ्यात आणखी कुणीतरी चितेवर जाईल, हे त्याला माहीत होतं. संध्याकाळपर्यंत भाषांतर तयार होतं.

१८१८ मध्ये या त्रिकुटाने श्रीरामपूर कॉलेज काढलं, समाचार दर्पण हे बंगाली वृत्तपत्र सुरू केलं. १८२० मध्ये कॅरेच्या पुढाकाराने शेती आणि बागकामाची सोसायटी निघाली. झाडांचं वेड त्याला लहानपणापासून होतं. आपल्या सह्याद्रीत कुंभा नावाचं झाड आढळतं, जाडसर सालीचं, पांढरट मोठ्या फुलांचं. त्याचं शास्त्रीय नाव केरिया आर्बोरिया. वनस्पतिशास्त्रज्ञ रॉक्सबर्गने हे नाव ठेवलं ते कॅरेवरून. जो माणूस महाराष्ट्रात आला नाही, त्याच्या नावाचं झाड इथल्या डोंगरात उभं आहे.

शेवट मात्र सोपा नव्हता. इंग्लंडमधल्या सोसायटीत नवी माणसं आली आणि श्रीरामपूरच्या मालमत्तेवरून वाद सुरू झाला. नव्या दमाच्या मिशनऱ्यांना जुन्यांचा कारभार पटेना. १८२७ मध्ये श्रीरामपूर मिशन सोसायटीपासून वेगळं झालं. १८२३ मध्ये वॉर्ड पटकीने गेला. त्याच वर्षी पुराने कॅरेची बाग आणि घर नेलं. १८३० च्या आसपास कलकत्त्यातल्या मोठमोठ्या पेढ्या बुडाल्या, त्यात मिशनचा पैसाही अडकला.

९ जून १८३४ ला श्रीरामपुरात कॅरे गेला. वय ७२. बंगालमध्ये पाऊल ठेवल्यापासून चाळीस वर्षांत तो एकदाही इंग्लंडला परतला नव्हता. आपल्याला शार्लटच्या शेजारी पुरावं, अशी त्याची इच्छा होती.

त्याच्या कामाकडे आज दोन्ही बाजूंनी बघितलं जातं. तो लोकांचा धर्म बदलायला आला होता आणि हे त्याने कधी लपवलं नाही. त्याची बरीचशी भाषांतरं घाईत झालेली, खडबडीत होती. मराठीतलंही भाषांतर टिकलं नाही, मुंबईच्या मिशनऱ्यांना ते पुन्हा करावं लागलं. पण भाषा छापता येते, तिचं व्याकरण आणि कोश छापून सगळ्यांच्या हाती देता येतो, हे बंगाली आणि मराठीसारख्या भाषांत त्या छापखान्याने करून दाखवलं. त्यामुळे त्याचं नाव राहिलं, आणि ते राहायलाच हवं.

फक्त ते घेताना बाकीची नावंही घ्यायला हवीत. मराठी समजावून सांगणारे वैजनाथ पंडित. अक्षरं कोरणारे पंचानन आणि मनोहर. शाळा चालवून सगळ्यांचं पोट भरणारी हॅना. आणि जिला सही करता येत नव्हती, जी नाही म्हणाली होती, आणि तरीही जिला यावं लागलं, ती डोरोथी. छापून निघालेल्या हजारो पानांतलं एकही पान तिला वाचता आलं नसतं.